घड्याळाच्या जागी तेलाचा काटा

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात तो फिटर होता आणि तिथे त्याला सगळे कानसेन म्हणत. हे नाव त्याने तरुणपणी कमावलं होतं. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसच्या रांगेतून जाता जाता तो मध्येच थांबायचा, मान तिरकी करायचा, आणि ज्या यंत्रापाशी थांबला ते यंत्र लवकरच बंद पडायचं. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याच प्रेसच्या दणदणाटाने त्याचे कान खाल्ले, तरी नाव कोणी बदललं नाही, कारण कोणाला काही कळलंच नाही. प्रेसच्या शेडमध्ये कोणालाच धड ऐकू येत नसे. तिथे सगळे ओठ बघून आणि हातवारे करून बोलत, आणि त्यात कानसेन इतरांपेक्षा तरबेज होता. पंचाईत व्हायची ती फाटकाबाहेर पडल्यावर. दुकानात, फोनवर, पाठीमागून कोणी हाक मारली की.

बायकोला अर्थातच संशय होता. ती पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं शिलाई मशीन होतं. हल्ली त्याच्याशी बोलायचं असेल तर ती मशीनवरून उठून त्याच्या समोर येऊन उभी राहायची. असं का करतेस, हे त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. एकदाच तिने कान तपासून घ्यायचा विषय काढला होता. त्यावर त्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

त्याचा जीव अडकला होता तो एका जुन्या गाडीत. दोन दारांची, फिकट हिरवी, बसक्या छपराची छोटी गाडी. भंगारात निघालेली ही गाडी त्याने घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली आणि सुट्टीच्या दिवसांत, हळूहळू, पुन्हा उभी केली. सीटची कव्हरं आणि पायाखालचा गालिचा बायकोने शिवला. गाडीचा डॅशबोर्ड हे त्याचं खास कौतुक होतं. हिरव्याच रंगाची पत्र्याची सरळ पट्टी, तिच्यात मधोमध एक मोठी गोल तबकडी, उजवीकडे छोटं बंद पडलेलं घड्याळ, खाली ॲशट्रेचं झाकण. बस्स. तापमानाला काटा नाही, तेलाला काटा नाही. तेलाचा दाब पडला तर एक लाल दिवा लागायचा, तोही सगळं होऊन गेल्यावर. पूर्वी याची त्याला गरजच नव्हती. गाडीत बसला की इंजिन त्याच्याशी बोलायचं.

ते बोलणं बंद झालं, हे मान्य करायला त्याला फार वेळ लागला. आधी एकदा चौकात गाडी चालू असतानाच त्याने पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर असा किंचाळला म्हणे की फुटपाथवरची माणसं वळून बघायला लागली. ती बघतायत एवढंच त्याला दिसलं. मग एकदा वळल्यानंतरही इंडिकेटर तसाच टिकटिकत ठेवून तो गावभर फिरला, आणि मागचे लोक हात करतायत ते गाडीचं कौतुक म्हणून, असं समजून त्यानेही हात केला. शेवटी मुलगी माहेरपणाला आली असताना तो तिला फिरवायला घेऊन गेला. वाटेत ती म्हणाली, बाबा, खालून ठकठक येतेय. तिचे ओठ त्याने वाचले आणि सांगितलं की रस्ता खराब आहे. रस्ता गुळगुळीत होता. घरी पोचायच्या आत इंजिनातलं बेअरिंग गेलं. मुलीने गाडी ढकलायला मदत केली आणि काही बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्याने त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि रागवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तो गाडीवर रागावला.

इंजिन पुन्हा बांधताना त्याने ठरवलं की जे कानाला कळत नाही ते डोळ्याला दिसलं पाहिजे. तेलाच्या दाबाचा काटा, इंजिन किती फेरे घेतंय ते दाखवणारा काटा, आणि इंडिकेटर लागला की डोळ्यात भरेल असा एक छोटा दिवा. मात्र हे सगळं कोणाला दिसता कामा नये. जुन्या गाड्यांच्या मंडळातल्या लोकांना त्याने कारण सांगितलं की जुन्या गाडीच्या तोंडाला नवे डोळे चिकटवले की ती विदूषकासारखी दिसते. हे खोटं नव्हतं. डॅशबोर्डखाली पट्टी ठोकून काटे लटकवलेल्या गाड्या दिसल्या की तो खरंच तोंड फिरवायचा. पण असे काटे दिसले की कोणीतरी विचारणार, एवढे कशाला लागतात तुला? आणि ते त्याला नको होतं.

विचार चांगला होता, काम मात्र नाकी नऊ आणणारं निघालं. बंद घड्याळ काढून त्याच्या गाळ्यात त्याने तेलाचा काटा बसवायचं ठरवलं. गाळा अंगठ्याएवढा उथळ, गेज मात्र मागून लांबलचक. त्याने गेजची डबी कापली, आतली कळ वाकडी झाली, दुसरं गेज आणलं, पुन्हा कापलं. तबकडीवर त्याने घड्याळाचे आकडे तसेच रंगवले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की घड्याळ आहे आणि ते थांबलंय. दाब बरा असला की काटा दहावर, पडला की सातच्या खाली. फेऱ्यांचा काटा ॲशट्रेत बसवला. झाकण उघडलं की दिसे, मिटलं की काही नाही. हे जमलं तेव्हा त्याला जरा बरं वाटलं, पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

तेलाचा दाब मोजणारा खटका इंजिनाला बसवायला गेला, तर आटे जुळेनात. सुरुवातीला दोन फेरे गोडीने आत जायचा आणि मग अडायचा. जोर लावला तर इंजिनाचे आटे जायची भीती, न लावला तर तेल गळायचं. मधला जोड करून घेतला, तो इतका लांब झाला की बॉनेट बसेना. दुसरा आखूड करून घेतला, तर तेलाची बारीक धार वायरीच्या भोकातून थेट आत, बायकोने शिवलेल्या गालिच्यावर. तिने तो गालिचा उचलून वाळूने घासला, दोरीवर टाकला, आणि त्याच्यासमोर येऊन एवढंच म्हणाली की पुढच्या वेळी आधी काढून ठेवा.

मग वायरी. वायरींसाठी त्याने वायरमनला बोलावलं. वायरमन त्याचा जुना मित्र. कोपऱ्यावर गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान चालवायचा. माणूस हातचं काम सोडून धावून येणारा, पण ओठ वाचणाऱ्याला त्याच्याएवढी शिक्षा नाही. वरचा ओठ मिशीत बुडालेला, काम करताना दातात चिकटपट्टी धरायची सवय, आणि बोलायचं ते सगळं डॅशबोर्डखाली डोकं घालून. कानसेनला त्याचं दहातलं एखादं वाक्य कळायचं. बाकीच्यांना तो मान हलवायचा. तेलाचा काटा हेडलाइट लावले की वर उडी मारायचा; हॉर्न वाजवला की शेपटी हलवल्यासारखा थरथरायचा. वायरमन म्हणाला, बहुतेक, की अर्थिंग धड नाही. ते सुधारलं तर फेऱ्यांचा काटा भलतंच दाखवायला लागला. काट्याच्या मागचं छोटं बटण फिरवल्यावर ते नीट झालं, पण इंडिकेटरचा दिवा दिवसा दिसेना, आणि मोठा बल्ब घातला की संध्याकाळी त्याचं प्रतिबिंब काचेत नाचे. त्याच्यावर नेलपॉलिश लावून बघितलं, कागद लावून बघितला. वायरमन कंटाळत नव्हता, कानसेन मात्र पार विटला होता. आपण कशासाठी हा खटाटोप करतोय, हे मित्रालाही सांगता येत नव्हतं, आणि तो आपला दर वेळी विचारायचा की एवढा लपवाछपवीचा उद्योग कशाला, सरळ पट्टी ठोकू की.

एका सुट्टीच्या दिवशी वायरमन त्याला उरलेलं काम समजावून सांगत होता. कुठल्या वायरीवरून काट्यांना करंट घ्यायचा, कुठली तशीच राहू द्यायची. डोकं डॅशबोर्डखाली, तोंडात पट्टी. मध्येच ते डोकं बाहेर आलं तेव्हा कानसेनला ओठांवरून 'निळी' आणि 'जोड' एवढं कळलं. त्याने मान हलवली. वायरमन घरी गेल्यावर त्याने निळी वायर जोडली, ॲशट्रेच्या मागून ओढून घेतली, काटे चालू झाले, आणि संध्याकाळभर तो गाडीत बसून त्यांच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना खड्ड्यात चाक गेलं आणि ॲशट्रेतून धूर यायला लागला. पत्र्याच्या कडेला घासून वायर सोलली गेली होती. तो खाली उतरून बॉनेट उघडून बॅटरीची तार काढेपर्यंत डॅशबोर्डमागचा वायरींचा अख्खा जुडगा वितळून एक झाला होता. हिरव्या रंगावर काळा फोड आला.

वायरमन आला, मागे वाकून बघितलं, आणि पहिल्यांदाच तोंडातली पट्टी काढून सरळ उभा राहिला.

"निळी जोडू नकोस म्हणून मी दोनदा सांगितलं. तिला फ्यूज नाही. तू मान हलवलीस."

"तू निळी जोड म्हणालास."

"मी असं कशाला म्हणेन?"

कानसेनचा पारा चढला. तो म्हणाला की तुला नीट बोलता येत नाही, तोंडात कायम काहीतरी कोंबलेलं, काम असं अर्धवट करायचं असेल तर यायचंच कशाला. वायरमनने हत्यारं पिशवीत टाकली आणि तो निघून गेला. जाताना तो काहीतरी बोलला, पण पाठ होती.

बायको खिडकीतून सगळं बघत होती. ती शेडमध्ये आली, त्याच्या समोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "ते नको म्हणाले होते. मी आत बसून ऐकलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मान हलवलीत ना."

तो नळाखाली हात धूत बसला. ते स्वच्छ झाल्यावरही धूत बसला.

पुढचं सगळं त्याने एकट्याने केलं. प्रत्येक वायरीला फ्यूज, प्रत्येक कडेला रबर. फोड आलेली जागा घासून त्याने रंग लावला. तो रंग जुन्याशी जुळेना, म्हणून सगळी पट्टी घासली. इंडिकेटरचा दिवा शेवटी मोठ्या तबकडीच्या कडेखाली असा बसला की चालवणाऱ्यालाच दिसावा. हे करताना त्याचा तोंडाचा पट्टा चालू असायचा. बायकोवर, पान्यांवर, अर्ध्या आट्यांवर. ती सगळं ऐकून घ्यायची. आपण काय काय बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही, हे त्याच्या लक्षातही येत नसे.

जुन्या गाड्यांच्या मंडळाचा मेळावा आला. आदल्या दिवशी त्याने मागचं एक चाक काढून ब्रेक बघितले, चाक परत बसवलं, नट हाताने फिरवले, आणि पान्याने आवळायच्या आधी त्याला आठवलं की दिव्याच्या मागे एक वायर सैल आहे. तो आत शिरला तो बराच वेळ तिथेच राहिला.

मेळाव्यात त्याचा डॅशबोर्ड सगळ्यांनी वाकून वाकून बघितला. परीक्षक म्हणून आलेला एक पांढऱ्या दाढीचा, पण सुदैवाने स्पष्ट ओठांचा गृहस्थ म्हणाला की अशी न बिघडवलेली गाडी हल्ली बघायला मिळत नाही. फक्त ते घड्याळ बंद आहे, तेवढं दुरुस्त करून घ्या. कानसेनने ताकास तूर लागू दिली नाही. त्याला मनातून गुदगुल्या झाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपण जिंकलो.

मग गाड्या ओळीने मैदानाबाहेर काढायच्या होत्या. लाउडस्पीकरवर एकेका गाडीचा पुकारा होत होता. तो डॅशबोर्ड पुसत होता. त्याचा पुकारा झाला, पुन्हा झाला, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. शेवटी मंडळाचा एक जण धावत आला आणि त्याने कानसेनच्या खांद्यावर थोपटून पुढे बोट दाखवलं. तोंडाने काही बोलला नाही. लहान मुलाला वाट दाखवावी तसं हसला. एवढे काटे बसवले, आणि यासाठी कुठला काटा बसवायचा होता? तो मैदानातून बाहेर पडला तो थेट घराच्या रस्त्याला लागला. बक्षीस समारंभाला थांबला नाही.

मेळाव्याला सोबत आलेली बायको शेजारी बसून होती. काही वेळाने तिने त्याच्या हाताला हात लावला.

"मागून आवाज येतोय."

त्याने घड्याळाकडे बघितलं. दहा. ॲशट्रे उघडली. फेरे बरोबर. "सगळे काटे जागेवर आहेत," तो म्हणाला.

ती म्हणाली की आवाज वाढतोय. तो म्हणाला की जुन्या गाडीत आवाज येणारच. तिने पुन्हा सांगितलं, आता जरा घाबरून. तो समोर बघत राहिला. समोर बघितलं की ऐकू येत नाही, ही युक्ती त्याने बऱ्याच वर्षांपासून वापरली होती. मग तिने जे कधी केलं नव्हतं ते केलं. हात लांबवून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

गाडी कडेला घरंगळत थांबली. तो चिडून खाली उतरला. मागच्या चाकाचा एक नट पडून गेला होता. बाकीचे बोटाने फिरत होते. चाक हलवलं तर ते दात हलावा तसं हललं.

तो तिथेच मातीच्या कडेवर बसला. ती उतरून त्याच्या समोर येऊन उभी राहिली. पण बोलला तो.

"मला ऐकू येत नाही."

"माहीत आहे."

"थोडं कमी नाही गं. काहीच नाही. तुझं मशीनसुद्धा नाही."

हे मात्र तिला माहीत नव्हतं. तो आडवा पडलेला असला की त्याची झोपमोड होऊ नये म्हणून ती मशीनला हात लावत नसे. ग्राहकांची बोलणी खायची, पण काम थांबवायची. हे तिने त्याला तिथेच सांगितलं. सांगताना तिला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि तो दोन्ही बघत होता. मग त्याने दुसऱ्या एका चाकाचा एक नट काढून या चाकाला लावला, सगळे नट पान्याने आवळले, पुन्हा आवळले, आणि हळूहळू गाडी घरी आणली.

तपासणीला तो गेला, पण खुशीने नाही. कानात बसवायचं यंत्र मिळालं, ते त्याने पहिल्याच दिवशी काढून डबीत टाकलं. नळ पिस्तुलासारखा वाजायचा, वर्तमानपत्र कडकडायचं. प्रेसच्या शेडमध्ये तर ते घालून उभंच राहता येईना. डॉक्टर म्हणाले की सवय होईल. सवय कोणाला व्हायची आहे, असं तो बायकोवर खेकसला, आणि या वेळी यंत्र पुन्हा कानात होतं, म्हणून आपण किती जोरात खेकसलो ते त्याला स्वतःला ऐकू आलं.

वायरमनकडे जायला त्याला त्याहूनही जड गेलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत तो बाहेर उभा राहिला. मग आत जाऊन एका दमात सांगून टाकलं की मला 'नकोस' ऐकू आलं नाही, तुझी चूक नव्हती. वायरमनचा राग जायच्या ऐवजी उफाळला. इतकी वर्षं तू माझ्याशी मान हलवत होतास? म्हणजे मी बोलत होतो ते कोणाशी? वायरमन कितीतरी वेळ बडबडत होता, आणि यंत्र कानात असल्यामुळे ते सगळं त्याला ऐकावं लागलं. शेवटी वायरमनने विचारलं की त्या निळीचं काय केलंस, आणि उत्तर ऐकून म्हणाला की तेही चूक आहे, आणून दाखव.

काटे गाडीत तसेच राहिले. तो अजूनही त्यांच्याकडेच बघून चालवतो. यंत्र तो कधी घालतो, कधी नाही. घातलं की वैतागतो, नाही घातलं की बायको वैतागते.

ते घालून तो पहिल्यांदा गाडीत बसला तेव्हा कोपऱ्यापर्यंतही गेला नाही. परत फिरला, गाडी शेडमध्ये लावली आणि दाराच्या आतलं कव्हर उचकटायला लागला. बायको पोत्यात भरायला चिंध्या घेऊन चालली होती, ती थांबली.

"या दाराची काच किती खडखडते," तो म्हणाला. "कधीपासून आहे हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि कोणी बोललं नाही? मंडळातले लोक बसलेत या गाडीत. मुलगी बसलीय. तू रोज बसतेस."

"तुम्ही इतकं कौतुकाने दाखवायचात," ती म्हणाली. "कोणाचं तोंड उघडणार?"

तो दाराच्या पोटात हात घालून सुटलेली रबरी पट्टी शोधायला लागला. ती हाताला लागत होती, पण चिमटीत येत नव्हती.